वर्गात मुलांना बोलू द्यावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या खेड्यापाड्यांतल्या जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि पालक यांच्या मनात या विषयावर जे प्रश्न नेहमी येतात, ते इथे घेतले आहेत. उदाहरणं पहिली ते आठवीची आहेत.

बोलल्यानं मुलं खरंच जास्त शिकतात का?

शिकतात, पण कोणत्याही बोलण्यानं नाही. कारण सांगणारं बोलणं शिकवतं. मूल जेव्हा "असं काहून झालं" हे स्वतःच्या शब्दांत सांगायला लागतं, तेव्हा आपल्याला कुठपर्यंत समजलं आणि कुठे गाडी अडली, हे त्याचं त्यालाच कळतं. मनातल्या मनात सगळं समजल्यासारखं वाटतं. तोंडानं सांगताना मात्र मधली सुटलेली पायरी लगेच उघडी पडते. मिशेलिन ची या अमेरिकी संशोधक बाईंनी १९८९ पासून या गोष्टीचा बारकाईनं अभ्यास केला. सोडवलेलं उदाहरण किंवा धडा वाचताना जे विद्यार्थी स्वतःला कारणं समजावत पुढे जातात, त्यांना विषय अधिक खोल कळतो, असं त्यांना दिसलं.

मोठ्या प्रमाणावरचा पुरावा २०१४ सालचा आहे. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, गणित, अभियांत्रिकीच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत शंभरातले सुमारे ३४ विद्यार्थी नापास होत होते, तर चर्चा, प्रश्न आणि कृती असलेल्या वर्गांत सुमारे २२. हे आकडे कॉलेजातले आहेत आणि त्यात बोलण्याबरोबर इतर कृतीही धरलेल्या आहेत. म्हणून ते जसेच्या तसे आपल्या तिसरीच्या वर्गाला लावू नयेत. दिशा मात्र त्यातून स्पष्ट कळते.

कारण सांगणारं बोलणं म्हणजे नेमकं कसं?

चौथीतलं उदाहरण घ्या. फळ्यावर एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश लिहून "मोठं कोणतं?" विचारलं की निम्मा वर्ग चतुर्थांश म्हणतो, कारण चार हा तीनपेक्षा मोठा. शिक्षकानं "चूक, तृतीयांश मोठं" असं सांगून टाकलं की मुलं वहीत लिहून घेतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच चूक करतात. हाच प्रश्न जोडीत सोडला तर बोलणं साधारण असं चालतं:

"चौथा भाग मोठा. चार मोठा हाय ना!"

"मायनं एक भाकर आमा तिघाईले वाटली तं मले मोठा तुकडा येते. मामाचा पोरगा आला का चौघं होतो, मंग लहान येते."

"मंग चार मोठा हाय तरी तुकडा लहान काहून?"

"जास्त जनाईत वाटली म्हनून."

यातलं तिसरं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. पहिल्या पोरानं आपलं म्हणणं आणि भाकरीचा तुकडा समोरासमोर ठेवले आणि दोन्ही जुळत नाहीत हे त्याच्या ध्यानात आलं. ती टोचणी शिक्षकानं सांगितलेल्या नियमानं लागली नसती. आता फळ्यावर नियम लिहा. तो राहील.

"समजलं का?" म्हटलं की सगळे "होऽऽ सर" म्हणतात. हेही बोलणंच ना?

नाही. एकसुरातलं उत्तर शिक्षकाला फसवतं. समोरचे चार जण बोलतात, बाकीचे त्यांच्या ओठांकडे बघून सूर धरतात. पाढे, कविता, नवे शब्द यांच्यासाठी सामूहिक म्हणणं उपयोगाचं आहे, कारण तिथे उच्चार आणि पाठांतर हवं असतं. समजलं की नाही हे तपासायला ते चालत नाही. "समजलं का?" हा प्रश्नच बंद करावा आणि त्याऐवजी "शेजारच्याला सांग, दहाचा हातचा कुठून आला" असं काम द्यावं.

वर्गात २८ पोरं. प्रत्येकाला बोलायला वेळ आणायचा कुठून?

एकेकाला उभं करून विचारलं तर खरंच पुरत नाही. हिशेब करून बघा. ३५ मिनिटांच्या तासिकेत १५ मिनिटं प्रश्नोत्तरांना दिली, तर २८ जणांत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा मिनिट येतं आणि त्यातलाही निम्मा वेळ शिक्षकाच्या बोलण्यात जातो. तेच काम जोड्यांत दिलं तर एकाच वेळी १४ तोंडं चालू असतात. चार मिनिटांत प्रत्येक मुलाला दोन मिनिटं मिळतात.

जोडीच का? तिघांत एक जण ऐकून घेतो. सहांच्या गटात दोघं बोलतात, एक लिहितो, बाकीचे खिडकीबाहेर बघतात. सुरुवातीचे दोन-तीन महिने जोडीच ठेवा. मुलं विषम असतील तर एकच गट तिघांचा करा. सगळ्यात हुशार आणि सगळ्यात मागे असलेलं मूल एकत्र बसवू नका, कारण हुशार पोर उत्तर सांगून मोकळं होतं आणि दुसरं मान हलवतं. थोड्याच फरकाची जोडी चांगली चालते.

प्रश्न कसा निवडायचा?

इथेच बहुतेक प्रयोग फसतात. "महाराष्ट्राची राजधानी कोणती?" यावर चर्चा होऊच शकत नाही. येतं किंवा येत नाही, एवढंच. जोडीला असा प्रश्न हवा, ज्यावर वर्गाचं एकमत नाही आणि ज्याचा निकाल कारण देऊन लावता येतो.

सहावीच्या विज्ञानातला एक प्रश्न बघा. सोयाबीनचं बी अंधाऱ्या डब्यात ओल्या कपड्यात ठेवलं तर काय होईल? १) उगवणार नाही, ऊन लागतं. २) उगवेल, ओल, हवा आणि ऊब पुरे. ३) माती असेल तरच उगवेल. बरीच मुलं पहिलं उत्तर धरतात. झाडाला ऊन लागतं हे त्यांनी पाठ केलेलं असतं. पण त्यातल्याच कित्येकांच्या घरी पेरणीआधी बियाण्याची उगवण तपासतात. शंभर दाणे मोजून ओल्या बारदानात गुंडाळायचे, सावलीत ठेवायचे, ओल टिकवायची आणि आठवडाभरानं कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर बियाणं पेरायला ठीक. बारदानाच्या आत अंधारच असतो, हे कोणीतरी बोलतंच, आणि मग वर्ग जागा होतो.

पद्धत अशी. प्रश्न फळ्यावर लिहा. अर्धा मिनिट सगळे गप्प, प्रत्येकानं आपलं उत्तर पाटीवर किंवा वहीच्या मागच्या पानावर लिहायचं. मग "एक, दोन, तीन" म्हणताच सगळ्यांनी एकदम छातीशी बोटं धरून पर्याय दाखवायचा. एकदम आणि छातीशीच, नाहीतर सगळे हुशार पोराच्या बोटांकडे बघून आपली बदलतात. त्यानंतर दोन मिनिटं जोडीत पटवून द्यायचं, पुन्हा बोटं, आणि शेवटी तीन मिनिटं शिक्षकाचं स्पष्टीकरण. सगळं मिळून आठ-नऊ मिनिटं लागतात.

पहिल्या बोटांवरून पुढची वाट ठरवायची. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून ही रीत वापरली. त्यांचा अंदाज असा की, बरोबर उत्तरं ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असली तर चर्चा फळते. २४ मुलांच्या वर्गात सातपर्यंतच बरोबर आले तर चर्चेला सोडू नका, आधी पुन्हा शिकवा. आठ ते सोळा आले तर जोड्यांत सोडा. सतरा किंवा जास्त असतील तर दोन वाक्यांत कारण सांगून पुढे चला.

सोयाबीनच्या प्रश्नावर निकाल लागला की लगेच दुसरा प्रश्न टाका: मग अंधारात ठेवलेलं तेच रोप दहा दिवसांनी पिवळं, लांबुडकं काहून होतं? बी उगवतं ते आपल्या दोन दलांतल्या साठ्यावर. तो संपला की पानांना ऊन लागतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकानं एकट्यानं लिहायचं. पहिल्या चर्चेतून खरं कोण शिकलं, हे तिथे कळतं.

दोघांनाही येत नसेल तर? आंधळ्याच्या हाती आंधळ्याचा हात, असं नाही का होणार?

ही भीती रास्त आहे. तरी २००९ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात आनुवंशशास्त्राच्या वर्गावर झालेला एक अभ्यास इथे लक्षात घ्यावा. चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा दुसरा प्रश्न एकट्यानं सोडवायला दिला, तेव्हा मुलांची उत्तरं सुधारलेली निघाली. आधी गटात कोणालाच बरोबर येत नव्हतं, तिथेही असं घडलं. म्हणजे शेजाऱ्यानं उत्तर सांगितलं म्हणून जमलं, एवढंच ते नव्हतं.

पण आपल्या वर्गांत दोन अटी पाळाव्याच लागतात. विषयाची ओळख आधी झालेली हवी. आणि चर्चेच्या शेवटी बरोबर उत्तर व त्याचं कारण शिक्षकानं स्वच्छ शब्दांत सांगायलाच हवं, चुकीचं उत्तर का चुकीचं हेही. घंटा झाली म्हणून ती तीन मिनिटं सुटली, तर चुकीची समजूत आणखी घट्ट होऊन घरी जाते.

प्रश्न विचारला की सगळे गप्प. मग आम्हीच उत्तर सांगतो. काय चुकतं?

थांबणं कमी पडतं. मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात शेकडो वर्गांच्या ध्वनिफिती ऐकल्या. प्रश्नानंतर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात, असं त्यांना आढळलं. हा थांबा तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांब होतात, कारणं येतात, न बोलणारी मुलं बोलू लागतात. आणि थांबायची जागा एक नाही, दोन आहेत: प्रश्न विचारल्यानंतर, आणि मुलाचं उत्तर संपल्यानंतरही. ही दुसरी जागा जवळजवळ सगळेच विसरतात. मूल "कारण त्यात पाणी असते..." म्हणून थांबलं की आपण लगेच "शाब्बास" म्हणतो आणि त्याचं पुढचं वाक्य तोंडातच राहतं.

तीन सेकंद फार वाटतात. एक संथ श्वास घेऊन सोडा, तेवढे होतात. घरी एका भाषेत बोलून शाळेत दुसरीत उत्तर देणाऱ्या मुलाला पाच-सहा सेकंदही द्या.

आणखी एक सवय सोडावी लागते, मुलाचं उत्तर मोठ्यानं पुन्हा म्हणायची. शिक्षक प्रत्येक उत्तर परत म्हणतो, म्हणून मुलं एकमेकांचं ऐकतच नाहीत. ऐकू आलं नसेल तर त्या मुलालाच पुन्हा सांगायला लावा.

वऱ्हाडीत बोलू द्यायचं? मग प्रमाण मराठी कधी येईल?

विचार करताना वऱ्हाडी किंवा झाडीबोली, लिहिताना हळूहळू प्रमाण मराठी. मूल "मले वाटते का पानी उडून गेलं" असं सांगत असताना मध्येच "मले नाही, मला" म्हणून टोकलं, की त्याचं लक्ष बाष्पीभवनावरून आपल्या जिभेवर जातं. दोन-तीनदा असं झालं की ते बोलायचं सोडून देतं. हे नुकसान भरून निघत नाही. त्याचं वाक्य ऐकून घ्या, विज्ञान तपासा आणि फळ्यावर लिहिताना "मला वाटतं, पाण्याची वाफ झाली" असं लिहून दोन्ही वाक्यं शेजारी दाखवा. भाषेचा तास वेगळा आहे, तिथे प्रमाण रूपं मुद्दाम शिकवा.

ज्या मातीत गाडगेबाबांनी वऱ्हाडीत प्रश्न विचारून हजारो माणसांना आपल्याच रूढींवर विचार करायला लावलं, तिथल्या पोराला त्याच बोलीची लाज वाटावी, हे आपल्याला पटता कामा नये.

आमच्याकडे कोरकू, गोंडी, कोलामी बोलणारी मुलं आहेत. शिक्षकाला ती भाषा येत नाही.

इथे बोलीचा नाही, वेगळ्या भाषाकुळाचा प्रश्न आहे. गोंडी आणि कोलामी द्राविडी आहेत, कोरकू मुंडा गटातली. धारणी-चिखलदऱ्याच्या पहिलीतल्या मुलासाठी मराठी ही नवीच भाषा असते. जोडीतली चर्चा त्यांच्या भाषेतच होऊ द्या, तुम्हाला कळली नाही तरी. मग त्यातल्या एकानं मराठीत सांगायचं, मोडकंतोडकं चालेल, आणि दुसऱ्यानं भर घालायची. चर्चेच्या आधी त्या धड्यातले पाच-सहा मराठी शब्द वस्तू किंवा चित्र दाखवून पक्के करून घ्या. शेजारीच त्यांच्या भाषेतला शब्द देवनागरीत लिहून घ्या, तो मुलांकडूनच मिळतो. वर्षभरात शंभर-दीडशे शब्दांचा तक्ता तयार होतो आणि नव्यानं बदलून येणाऱ्या शिक्षकालाही उपयोगी पडतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधलं कलम २९ शक्य तितकं मातृभाषेतूनच शिकवायला सांगतं, तेव्हा यात नियमाबाहेरचं काही नाही.

काही पोरी तर तोंडच उघडत नाहीत.

सगळ्या वर्गासमोर एकदम उभं करू नका. जे वाक्य शेजारणीला एकदा सांगून झालं, ते सगळ्यांसमोर सांगायला निम्मी भीती लागते. म्हणून आधी जोडी, मग वर्ग. सुरुवातीला मुलीची जोडी मुलीशीच लावा. हात वर करणाऱ्यांनाच विचारायची पद्धत सोडून नावांच्या चिठ्ठ्या डब्यात ठेवा. प्रश्न आधी विचारायचा, जोडीत बोलू द्यायचं आणि मगच चिठ्ठी काढायची. उलट केलं तर ज्याचं नाव निघालं नाही तो विचारच करत नाही. नाव निघालेल्या मुलीला "तुझं उत्तर सांग" म्हणण्यापेक्षा "तुमच्या दोघींचं काय ठरलं?" म्हणा. चुकलं तर ते दोघींचं असतं.

कायम गप्प राहणाऱ्या मुलाचे कान एकदा तपासून घ्या. कान वाहण्याकडे गावात दुर्लक्ष होतं आणि कमी ऐकू येणारं मूल "लाजाळू" किंवा "ढ" ठरतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तेव्हा त्या मुलाचं नाव आवर्जून सांगा. अडखळत बोलणाऱ्या मुलाचं वाक्य आपण पूर्ण करू नये. नजर त्याच्याकडे ठेवून थांबावं.

गोंगाट होतो. शेजारच्या वर्गाचे गुरुजी तक्रार करतात.

होणारच, पहिले आठ दिवस तर नक्कीच. आवाजाचं माप मुलांकडून करून घ्या: "शेजारच्याला ऐकू जावं, मागच्या रांगेला नाही." थांबायची खूण एकच ठेवा. शिक्षकानं हात वर केला की बघेल त्यानं हात वर करून गप्प व्हायचं. पहिले तीन दिवस विषय न घेता नुसती ही खूण रोज चार-पाच वेळा करून घ्या. वेळ आधी सांगा आणि थोडी कमीच द्या. दोन मिनिटांच्या कामाला पाच मिनिटं दिली की उरलेली तीन गोंधळात जातात. टिनाच्या छपरावर पाऊस वाजत असेल तेव्हा चर्चा घेऊ नका, लेखन घ्या.

दोन शिक्षक आणि चार वर्ग. हे जमतं का?

जमतं, किंबहुना अशा शाळेला त्याची जास्त गरज आहे, कारण मुलांचा निम्मा वेळ शिक्षकाविना जातो. एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला जोडीचं काम फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून द्या आणि बोलणाऱ्यांना व्हरांड्यात किंवा निंबाखाली बसवा. एकाच खोलीत एक वर्ग वाचतो आणि दुसरा बोलतो, हे चालत नाही. कामाच्या शेवटी काहीतरी लिहिलेलं हवं, दोन ओळी का होईना. नुसतं "चर्चा करा" म्हटलं की पाच मिनिटांत विटीदांडू सुरू होतो. चौथीनं तिसरीला समजावून सांगणंही उपयोगाचं. समजावणाऱ्याचाच त्यात जास्त फायदा होतो, पण रोज एकाच हुशार मुलाला त्याला जुंपू नका.

शिष्यवृत्ती, नवोदयच्या परीक्षेत बोलायचं नसतं. पालक म्हणतात, सराव करून घ्या.

सरावच करा, पण बोलून. या परीक्षांत बहुतेक प्रश्नांत चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. शंभर प्रश्न घाईनं सोडवण्यापेक्षा वीस प्रश्न घ्या आणि प्रत्येकाचे चुकीचे पर्याय काहून चुकीचे, हे जोडीत सांगायला लावा. चुकीचे पर्याय मुलांच्या नेहमीच्या चुकांवरूनच तयार केलेले असतात. ते ओळखता आले की परीक्षेत घसरण कमी होते. परीक्षेच्या शेवटच्या महिन्यात वेळ लावून एकट्यानं सोडवण्याचा सराव वाढवा. वेग बोलून येत नाही.

मुलंच म्हणतात, "आज सरांनी काही शिकवलंच नाही."

२०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांतही हेच दिसलं. स्वतः डोकं लावून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आपण कमी शिकलो असं वाटलं, चाचणीत मात्र त्यांनाच जास्त आलं. डोक्याला ताण पडला की शिकणं कमी झाल्यासारखं वाटतं. म्हणून तासिकेच्या शेवटी दोन मिनिटं ठेवून, आज आपण काय शोधलं ते एका वाक्यात वहीत लिहून घ्या. पालकाच्या हातात ती वही पडते.

कधी बोलू देऊ नये?

अगदी नवी गोष्ट पहिल्यांदा शिकवताना. भागाकाराची रीत मुलांनी चर्चेतून शोधून काढावी, ही अपेक्षा चुकीची आहे. आधी शिक्षकानं दोन-तीन उदाहरणं पायरीपायरीनं, मोठ्यानं विचार करत सोडवून दाखवावीत, मग जोडीत "ही पायरी काहून केली" विचारावं. वाचताना, लिहिताना, एकट्यानं गणित सोडवतानाही शांतता हवी. ३५ मिनिटांत आठ-दहा मिनिटं बोलणं पुष्कळ झालं.

कापूस वेचणीच्या दिवसांत पोरं येत-जात असतात. त्यांना कसं जोडून घ्यायचं?

परत आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी कायम हजर असलेल्या मुलाजवळ बसवा आणि "मागच्या आठवड्यातल्या तीन गोष्टी त्याला सांग" असं काम दहा मिनिटं द्या. सांगणाऱ्याची उजळणी होते. तिसऱ्या गोष्टीवर तो अडला, तर ती वर्गालाच नीट कळली नव्हती असं समजा आणि पुन्हा घ्या.

आम्ही शिकलेलो नाही. घरी काय करावं?

"आज काय शिकवलं?" विचारू नका, "काही नाही" हेच उत्तर येतं. वही उघडायला सांगा, एका चित्रावर किंवा गणितावर बोट ठेवा आणि म्हणा, "हे मले समजावून सांग." मध्येच "असं काहून?" विचारा. उत्तर बरोबर की चूक हे तुम्हाला कळायची गरज नाही. मूल अडखळलं तर "उद्या मॅडमले विचारून ये आन् मले सांग" म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी आठवणीनं विचारा. भाकरी थापताना, बैलाला चारा टाकताना हे पाच मिनिटांचं काम आहे. रोज नाही जमलं तर आठवड्यातून तीनदा करा.